टीव्हीतली बदकं मारणारी बंदूक आठवतेय? तिच्यामागे होते कार्डांच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करणारे गुन्पेई योकोई

सोलापूरकरांना गड्डा यात्रा काय असते ते सांगायची गरज नाही. संक्रांत आली की सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि मग होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भाग्यश्री बटाटेवडे वगैरे सगळं. त्यात एक स्टॉल हमखास असतो. लाकडी फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले, समोर टेबलावर छर्ऱ्याची बंदूक, आणि दहा फुगे फोडून दाखवायचं चॅलेंज. नेम चुकला की बंदुकीची नळी वाकडी आहे असं म्हणायचं आणि पुढं निघायचं.

नव्वदच्या दशकात हाच खेळ घरात आला. फॅमिकॉमची नक्कल केलेले टीव्ही गेम तेव्हा गावोगावी मिळायचे. डब्यात दोन रिमोट, एक पिवळी कार्ट्रिज आणि एक प्लॅस्टिकची बंदूक. बंदूक टीव्हीकडे रोखायची, खटका दाबायचा, बदक खाली पडायचं. नेम चुकला की कुत्रा हसायचा. त्या कुत्र्यावर गोळी झाडायचा प्रयत्न न केलेलं पोरगं सापडणं अवघड आहे.

आता प्रश्न असा की बंदुकीतून तर काहीच निघत नाही. मग टीव्हीला कळतं कसं की नेम बरोबर बसला? आणि तीच बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर का चालत नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की एक माणूस भेटतो. जपानचे गुन्पेई योकोई. निन्टेन्डोच्या पत्त्यांच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायला लागलेला माणूस.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योतो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ मध्ये निन्टेन्डोत नोकरी धरली. आज निन्टेन्डो म्हटलं की मारिओ आठवतो, पण तेव्हा ही कंपनी पत्ते बनवायची. आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा, तसा जपानमधला हानाफुदा. फुलांची चित्रं असलेले छोटे पत्ते. १८८९ पासून हाच धंदा. योकोईंचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशिनी चालू राहतील एवढं बघायचं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पोराला पत्त्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅम्पस प्लेसमेंटमधली शेवटची कंपनी.

मशिनी बंद पडल्या नाहीत की हातात वेळच वेळ. अशाच रिकाम्या वेळेत त्यांनी स्वतःच्या मजेसाठी एक खेळणं बनवलं. जुन्या दुकानांना चॅनल गेट असतं बघा, पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या, ओढलं की लांबतं आणि ढकललं की गोळा होतं. तसल्याच पट्ट्यांचा हात. मुठीत धरून दाबलं की लांब जाऊन समोरची वस्तू पकडायचा. नेमके तेव्हाच कंपनीचे मालक हिरोशी यामाउची यांनी ते बघितलं आणि योकोईंना केबिनमध्ये बोलावलं. कामाच्या वेळेत खेळणं बनवलं म्हणून आता नोकरी जाणार असंच त्यांना वाटलं असणार. झालं उलटं. मालकांनी तेच खेळणं विक्रीसाठी तयार करायला सांगितलं.

१९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. मेंटेनन्सवाल्याची बदली थेट खेळणी बनवायच्या विभागात झाली. पुढे त्यांनी घरात क्रिकेट, म्हणजे बेसबॉल खेळता यावा म्हणून मऊ चेंडू फेकणारं मशिन काढलं. १९६९ मध्ये 'लव्ह टेस्टर' काढलं. दोघांनी एकेक टोक धरायचं, दुसरे हात एकमेकांच्या हातात द्यायचे, आणि काटा प्रेम किती ते सांगणार. खरं तर ते मशिन शरीरातून जाणारा बारीकसा विद्युतप्रवाह मोजायचं, म्हणजे हाताला घाम जास्त तर प्रेम जास्त. मुलींचा हात धरायला मिळावा हा या शोधामागचा खरा हेतू होता, हे योकोईंनी नंतर स्वतःच कबूल केलंय.

यातून त्यांची एक पद्धत दिसते. त्यांना नवंकोरं, महागडं तंत्रज्ञान नको असायचं. जे तंत्रज्ञान जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात, ते घ्यायचं आणि कुणी विचारही केला नसेल अशा ठिकाणी वापरायचं. जपानीत या विचाराला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो सुकून गेलेल्या तंत्रज्ञानाकडे आडव्या नजरेनं बघणं. आपल्याकडच्या शिळ्या भाकरीच्या कुटक्यासारखं. भाकरी कालचीच, पण फोडणी दिली की पदार्थ वेगळा.

प्रकाशाची बंदूक याच विचारातून आली.

त्या काळात शार्प कंपनीचे मासायुकी उएमुरा फोटोसेल विकायला निन्टेन्डोत यायचे. फोटोसेल म्हणजे प्रकाश पडला की वीज तयार करणारी चकती, सोलर पॅनेलचा लहान भाऊ. तेव्हा लोक तिच्याकडे वीज बनवायचं साधन म्हणून बघत होते. योकोईंनी विचार केला की वीज कशाला बनवायची, हिला डोळा म्हणून वापरू. निशाणात फोटोसेल बसवायचा, बंदुकीतून प्रकाशाची तिरीप सोडायची. तिरीप चकतीवर पडली की निशाण उडणार.

१९७० मध्ये 'कोसेनजू एसपी' या नावानं हे खेळणं आलं. कोसेनजू म्हणजेच प्रकाशकिरणांची बंदूक. नेम लागला की प्लॅस्टिकची बाटली फुटल्यासारखी उडायची, सिंह डरकाळी फोडायचा. छर्रा नाही, त्यामुळे कुणाचा डोळा जायची भीती नाही. ही कल्पना जगात पहिल्यांदाच आली असं मात्र नाही. अमेरिकेत सीबर्ग कंपनीनं १९३६ मध्येच प्रकाशानं बदक मारायचं मोठं मशिन काढलं होतं. पण ते दुकानात ठेवायचं धूड. योकोईंनी ते घरातल्या पोराच्या हातात दिलं. खेळणं धडाक्यात खपलं आणि उएमुरा पुढे शार्प सोडून निन्टेन्डोतच आले.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. यानंतर मात्र याच बंदुकीनं कंपनी जवळजवळ बुडवली.

साठच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये बोलिंगचं भयंकर वेड होतं. गावोगावी बोलिंगची मोठमोठी सभागृहं उभी राहिली. मग वेड ओसरलं आणि ती ओस पडली. बंद पडलेल्या गिरण्यांच्या शेड बघत मोठे झालेल्या सोलापूरच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. योकोईंना त्या लांबलचक रिकाम्या जागेत शूटिंग रेंज दिसली. बोलिंगची लेन तशीच ठेवायची, टोकाला पडदा लावायचा, त्यावर प्रकाशाच्या उडत्या चकत्या दाखवायच्या, आणि अलीकडे उभं राहून प्रकाशाच्या बंदुकीनं त्या टिपायच्या. नाव ठेवलं 'लेझर क्ले शूटिंग सिस्टिम'.

१९७३ च्या सुरुवातीला पहिली रेंज उघडली. उद्घाटनाच्या दिवशी यंत्रणा ऐनवेळी बिघडली आणि एक इंजिनिअर पडद्यामागे बसून हातानं निशाणं आणि गुण चालवत राहिला, असा किस्सा सांगितला जातो. पाहुण्यांना पत्ताच लागला नाही. लोकांना खेळ आवडला, ऑर्डरी येऊ लागल्या, निन्टेन्डोनं कर्ज काढून उत्पादन वाढवलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. जपानचा सगळा कारभार बाहेरच्या तेलावर. मंदीची धास्ती बसली, लोकांनी करमणुकीचा खर्च पहिला कापला आणि ऑर्डरी पटापट रद्द झाल्या. कंपनीच्या डोक्यावर अब्जावधी येनचं कर्ज राहिलं.

कल्पना चांगली होती, यंत्रही चांगलं होतं, तेलाचा भाव मध्ये आला. अशा वेळी बहुतेक मालकांनी कल्पना देणाऱ्यालाच बाहेरचा रस्ता दाखवला असता. यामाउची हे तापट आणि कडक म्हणून ओळखले जायचे, पण त्यांनी योकोईंना ठेवून घेतलं.

मग योकोईंनी तीच गोष्ट लहान केली. सभागृह परवडत नाही तर कपाटाएवढं मशिन बनवू. १९७४ मध्ये 'वाइल्ड गनमॅन' आलं. यात संगणकाची चित्रं नव्हतीच, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केलेला खराखुरा माणूस पडद्यावर यायचा. त्याचे डोळे चमकले की आपण झटकन बंदूक काढायची. वेळेत नेम लागला तर पुढची फिल्म त्याच्या पडण्याची, उशीर झाला तर आपला खेळ खल्लास. १९७६ मध्ये घरच्या भिंतीवर उडतं बदक दाखवणारं खेळणं आलं, त्याचं नाव 'डक हंट'. म्हणजे आपल्या टीव्हीतल्या बदकाचा जन्म टीव्ही गेमच्याही आधीचा.

आता त्या टीव्हीतल्या बंदुकीकडे येऊ.

१९८३ मध्ये उएमुरांच्या टीमनं बनवलेला फॅमिकॉम जपानमध्ये आला. १९८४ मध्ये त्याची बंदूक आली आणि योकोईंच्या विभागानं 'डक हंट' टीव्हीसाठी नव्यानं बनवला. अमेरिकेत १९८५ मध्ये ती बंदूक 'झॅपर' नावानं गेली. पण एक अडचण होती. जुन्या खेळण्यात निशाणाला डोळा होता आणि बंदुकीतून प्रकाश निघायचा. लोकांच्या घरातल्या टीव्हीत फोटोसेल कोण बसवणार? म्हणून सगळं उलटं केलं. टीव्ही तसाही प्रकाश सोडतोच, तर डोळा बंदुकीत बसवला. बंदूक मारत नाही, बघते.

खटका दाबला की काय होतं? गेम एक क्षणभर अख्खा पडदा काळा करतो. लगेच पुढच्या क्षणी जिथं बदक आहे तिथं फक्त एक पांढरा चौकोन दाखवतो. हे सेकंदाच्या साठाव्या भागाच्या हिशोबात होतं, त्यामुळे आपल्याला फक्त एक लपका दिसतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागोमाग एक येतात, आणि कितव्या वेळी उजेड दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. काळा पडदा आधी का? कारण नाहीतर पोरांनी बंदूक बल्बकडे रोखून सगळी बदकं मारली असती. शिवाय पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत पडद्यावर रेषा आखल्या जातात त्या सेकंदाला साधारण १५ हजार, आणि बंदुकीतलं सर्किट त्याच गतीनं लुकलुकणारा प्रकाश ओळखायचं.

झॅपर आधी करड्या रंगाची होती, १९८९ मध्ये ती भडक केशरी झाली. खेळण्यातली बंदूक खरी वाटून अनर्थ होऊ नये म्हणून अमेरिकेत तसा नियम आला.

एलईडी टीव्हीवर ही बंदूक आंधळी का होते ते आता लक्षात येईल. नव्या टीव्हीत तशा रेषा आखल्या जात नाहीत, म्हणजे ती लुकलुक नाही. आणि नवा टीव्ही आलेलं चित्र आधी प्रोसेस करतो, मग दाखवतो. हा उशीर आपल्याला जाणवत नाही, पण गेम ज्या क्षणी उजेडाची वाट बघत असतो तो क्षण निघून गेलेला असतो. म्हणून माळ्यावरचा जुना डब्बा टीव्ही भंगारात घालायच्या आधी एकदा विचार करा.

डब्बा टीव्ही नसेल तर? घरीच प्रकाशाची बंदूक बनवणारी हौशी मंडळी जगभर आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांची पद्धत योकोईंच्याच वळणाची. ते टीव्हीच्या प्रकाशाचा नादच सोडतात. टीव्हीच्या चौकटीवर इन्फ्रारेड एलईडी लावतात, रिमोटच्या टोकाला असतो तोच, दोन-चार रुपयांचा. दोन वरच्या कडेला, दोन खालच्या. बंदुकीच्या नळीत एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा, जो एका वेळी असे चार ठिपके ओळखतो. असा कॅमेरा निन्टेन्डोनंच २००६ मध्ये 'वी'च्या रिमोटमध्ये वापरला होता. चार ठिपके कुठं दिसतात त्यावरून नळी पडद्यावर नेमकी कुठं रोखलीय, किती लांबून आणि किती तिरकी, हे गणित बंदुकीतला छोटा बोर्ड करतो. त्यासाठी प्रो मायक्रो किंवा रास्पबेरी पाय पिको असा, यूएसबीवर माउस बनू शकणारा बोर्ड लागतो. 'सॅमको' आणि 'ओपनफायर' ही त्याची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कॉम्प्युटरला वाटतं साधा माउस जोडलाय, म्हणून जुन्या आर्केड गेमचं एम्युलेटर त्याच्यावर आरामात चालतं.

सोल्डरिंग येत असेल तर एलईडीचा हिशोब सोपा आहे. ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर घ्या. दोन एलईडी एकापुढे एक जोडले की साधारण २.६ व्होल्ट त्यांच्यात जातात. उरलेल्या २.४ व्होल्टसाठी ४७ ओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे ५० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. एलईडी पेटलाय का ते डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपका दिसतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदे ओढून घ्या, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि सोलापूरच्या उन्हात तर जरा जास्तच. आणि बंदुकीचा सांगाडा खेळण्यातला, केशरी किंवा हिरवाच ठेवा. भारी दिसावी म्हणून काळा रंग मारून ती गॅलरीत घेऊन उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

योकोईंकडे परत जाऊ, कारण त्यांचं सगळ्यात मोठं काम बंदुकीत नाहीच.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ घालवताना त्यांना दिसला. कॅल्क्युलेटरचे पडदे तेव्हा एकदम स्वस्त झाले होते. त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला, खिशात मावणारा गेम. १९८२ मध्ये त्यासाठीच योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण बनवलं. आज जगातल्या जवळपास प्रत्येक गेमपॅडवर डाव्या अंगठ्याखाली ते असतं. 'गेम अँड वॉच' चार कोटींच्या वर विकला गेला आणि बंदुकीच्या रेंजमुळे झालेली कर्जाची जखम भरून निघाली.

१९८९ चा 'गेमबॉय' तर माहीत असेलच. हिरवट पडदा, रंग नाही, आत लाइट नाही. त्याचवेळी स्पर्धकांकडे रंगीत पडदे होते, पण ते सहा सेल काही तासांत संपवायचे. योकोईंचा गेमबॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त चालायचा आणि स्वस्तही होता. रंगीत आवृत्ती धरून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले.

मग १९९५ मध्ये 'व्हर्च्युअल बॉय'. टेबलावर ठेवून त्यात डोळे खुपसायचे, आत लाल-काळं थ्रीडी चित्र. लोकांची मान आणि डोळे दोन्ही दुखले. जेमतेम ७ लाख ७० हजार विकला गेला आणि वर्षभरात गुंडाळला. आयुष्यभर जे मुरलंय तेच घ्या म्हणणारा माणूस स्वतः मात्र न मुरलेल्या तंत्रज्ञानावर घसरला, असं म्हणावं लागतं.

ऑगस्ट १९९६ मध्ये ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निन्टेन्डो सोडली. व्हर्च्युअल बॉयमुळे त्यांना बाजूला सारलं असं अनेकांनी लिहिलंय. योकोईंचं म्हणणं वेगळं होतं, पन्नाशीनंतर स्वतःचं काही करायचं हे आधीच ठरलेलं होतं. त्यांनी क्योतोमध्येच 'कोतो' नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी एका नव्या हँडहेल्ड गेमवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७. इशिकावा प्रांतात होकुरिकू एक्सप्रेसवेवर ते ज्या गाडीत होते ती पुढच्या ट्रकवर मागून आदळली. धडक जीवघेणी नव्हती. गाडीचं किती नुकसान झालंय ते बघायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्यांना उडवलं. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

त्यांनी सुरू केलेला तो गेम मार्च १९९९ मध्ये 'वंडरस्वान' या नावानं बाजारात आला. काळा-पांढरा पडदा, किंमत ४,८०० येन, आणि एकाच पेन्सिल सेलवर तीसेक तास चालायचा. त्याच्यासोबत रेषा जुळवायचं एक कोडं आलं होतं, ज्याची मूळ कल्पना योकोईंचीच होती. सहकाऱ्यांनी त्या कोड्याचं नाव ठेवलं 'गुन्पेई'.